प्रतिस्पर्ध्याविना झालेला सामना

२१ नोव्हेंबर १९७३ रोजी चिली देशाची राजधानी सान्तियागो येथील राष्ट्रीय स्टेडियमवर जो फुटबॉलचा सामना झाला, त्याला या खेळाच्या इतिहासात तोड नाही. पंच होते, प्रेक्षक होते, यजमान संघ आपल्या लाल गणवेशात सज्ज होता. नव्हता तो केवळ प्रतिस्पर्धी संघ. मैदानाचा दुसरा अर्धा भाग मोकळा होता आणि त्या टोकाच्या गोलात गोलरक्षकही उभा नव्हता. पंचांनी शिटी वाजवली. चिलीच्या खेळाडूंनी मध्यरेषेवरून चेंडू एकमेकांकडे ढकलत पुढे नेला आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो रिकाम्या जाळ्यात सारला. धावफलकावर अक्षरे झळकली : चिली १, सोव्हिएत संघ ०. पुढे आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, चिलीला हा सामना २-० असा बहाल केला आणि १९७४ साली पश्चिम जर्मनीत होणाऱ्या विश्वचषक स्पर्धेचे दार त्या देशाला उघडले.

वरवर पाहता हा एक विनोदी प्रसंग वाटेल. नियमाच्या काटेकोर भिंगातून पाहणाऱ्यांनी तर असेही म्हटले आहे, की प्रतिपक्षाचा एकही खेळाडू समोर नसताना चेंडूच्या पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याला दिलेला कोणताही पास ऑफसाइडच ठरला असता. परंतु ज्या मैदानावर हा गोल झाला, त्याच मैदानाच्या पायऱ्यांखाली त्यापूर्वी दोन आठवड्यांपर्यंत माणसे कोंडून ठेवलेली होती. त्यांतील कित्येकांचा तेथे छळ झाला होता आणि काहींचा तेथेच अंत झाला होता. 'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य आपण सारेच अधूनमधून उच्चारतो. ते कोण उच्चारतो, केव्हा उच्चारतो आणि त्यामुळे कोणाची सोय होते, हे तपासून पाहायचे झाले तर सान्तियागोच्या या सामन्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

एका मैदानाचे वैभव

सान्तियागोचे राष्ट्रीय स्टेडियम १९३८ साली बांधून पूर्ण झाले. एका बाजूला अँडीज पर्वताच्या हिमाच्छादित रांगा आणि पायथ्याशी हे भव्य वर्तुळ, असे त्याचे रूप. १९६२ मध्ये चिलीने विश्वचषक स्पर्धा भरवली तेव्हा या मैदानाचे भाग्य उजळले. त्याआधी दोनच वर्षे, १९६० च्या मे महिन्यात, देशाच्या दक्षिण भागाला महाभयंकर भूकंपाचा तडाखा बसला होता. अशा स्थितीत लहानशा देशाला ही स्पर्धा झेपेल काय, असे अनेकांना वाटत होते. चिलीने ती पार पाडली, इतकेच नव्हे तर तिसरा क्रमांकही पटकावला. ब्राझीलविरुद्धचा उपांत्य सामना पाहायला या मैदानावर ७६ हजारांहून अधिक माणसे लोटली होती. त्या सामन्यात चिली हरला. पण त्याआधी उत्तरेकडील आरिका शहरात त्याने ज्या बलाढ्य संघाला २-१ असे नमवले होते, तो संघ होता सोव्हिएत संघाचा आणि त्याच्या गोलात उभा होता जगद्विख्यात लेव्ह याशिन. चिलीच्या जनमानसात त्या उन्हाळलेल्या आठवणीला देशाभिमानाचे स्थान मिळाले. अकरा वर्षांनी त्याच सोव्हिएत संघाशी चिलीची पुन्हा गाठ पडणार होती, हा योगायोग लोकांच्या मनात होताच.

१९७४ च्या विश्वचषकासाठी झालेल्या पात्रता फेरीत चिली आणि पेरू यांनी आपापल्या घरचा सामना २-० अशा समान गुणांकाने जिंकला. बरोबरी फोडण्यासाठी निर्णायक सामना घ्यावा लागला. तो ५ ऑगस्ट १९७३ रोजी तिसऱ्याच देशात, उरुग्वेच्या माँतेव्हिदेओ शहरात झाला आणि चिलीने तो २-१ असा जिंकला. ही तटस्थ मैदानाची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे. युरोपातील एका गटात सोव्हिएत संघाने फ्रान्स व आयर्लंड यांना मागे टाकले. या दोन विजेत्यांनी एकमेकांच्या घरी प्रत्येकी एक सामना खेळायचा आणि त्यातील विजेत्याने जर्मनीला जायचे, असे ठरलेले होते. पहिला सामना मॉस्कोत, दुसरा सान्तियागोत.

पायऱ्यांखालचा तुरुंग

या दोन सामन्यांच्या तोंडावरच चिलीचा इतिहास उलटापालटा झाला. १९७० च्या निवडणुकीतून सत्तेवर आलेले समाजवादी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने उलथवले. अध्यक्षीय प्रासादावर विमानांतून मारा झाला आणि आयेंदे यांचा तेथेच अंत झाला. जनरल ऑगस्टो पिनोशे यांच्या नेतृत्वाखालील लष्करी मंडळाने देशाचा ताबा घेतला.

दुसऱ्याच दिवसापासून राष्ट्रीय स्टेडियमकडे लष्करी गाड्या येऊ लागल्या. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, डॉक्टर, परदेशी नागरिक यांना पकडून तेथे आणले जात होते. खेळाडूंचे कपडे बदलण्याचे कक्ष आणि गॅलरीकडे नेणारे बोगदे यांत पुरुषांना दाटीवाटीने कोंडण्यात आले. स्त्रियांना पोहण्याच्या तलावालगतच्या इमारतीत ठेवण्यात आले. दिवसा बंदिवानांना गॅलरीच्या बाकांवर बसवीत. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जात आणि ज्यांची नावे येत त्यांना चौकशीसाठी शेजारच्या सायकल शर्यतीच्या मैदानाकडे नेले जाई. चौकशी म्हणजे काय, हे परत येणाऱ्यांच्या चालीवरून इतरांना कळत असे. कधी चेहरा झाकलेला एक माणूस रांगांमधून फिरवला जाई आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवी, त्याला उचलून नेत. बाहेर फाटकाशी आया, बायका, बहिणी आपल्या माणसाचे नाव यादीत आहे काय, हे विचारीत तासन् तास उभ्या असत.

सप्टेंबरच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अंदाजानुसार त्या एका वेळी तेथे सुमारे ७ हजार लोक बंदिवान होते. एकूण किती जण त्या दारातून आत गेले याविषयीचे आकडे भिन्न आहेत; परंतु ते कित्येक हजारांत आहेत याबद्दल दुमत नाही. १९६२ च्या संघातील ह्यूगो लेपे हा खेळाडूही त्यांत होता. ज्या स्पर्धेने या मैदानाला कीर्ती दिली, त्या स्पर्धेतील संघाचा एक जण तेथे कैदी म्हणून बसला होता.

याच दिवसांत सान्तियागोचे आर्चबिशप कार्डिनल राऊल सिल्वा एनरीकेस यांनी स्टेडियममध्ये जाऊन बंदिवानांची भेट घेतली. दारे त्यांनाही सहज उघडली गेली नव्हती. पण ते आत गेले, लोकांशी बोलले आणि बाहेर आल्यावर गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅथलिक, लुथरन व मेथॉडिस्ट ख्रिस्तसभा आणि ज्यू समाज यांनी मिळून शांतीसाठी सहकार समिती स्थापन केली. लुथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ हे त्या कार्यातील एक प्रमुख नाव. बेपत्ता माणसांचा शोध, न्यायालयात अर्ज, कुटुंबांना आधार असे तिचे काम होते. सरकारच्या दडपणाखाली १९७५ च्या अखेरीस समिती बंद करावी लागली, तेव्हा कार्डिनलसाहेबांनी १ जानेवारी १९७६ पासून तेच काम आर्चबिशपांच्या अधिकाराखालील 'ऐक्यभाव कार्यालया'कडे सोपवले. या कार्यालयाने जपलेली कागदपत्रे पुढे सत्यशोधनाच्या कामी अमोल ठरली. सप्टेंबरमध्ये त्या मैदानात एक पाहुणा गेला तो असा. ऑक्टोबरमध्ये गेलेले पाहुणे वेगळ्या जातीचे होते.

मॉस्कोतील बरोबरी

लष्करी उठावानंतर चिलीच्या संघाला मॉस्कोला जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न होता. अखेर परवानगी मिळाली. खेळाडू निघाले तेव्हा घरी काय वाढून ठेवले आहे, याची कित्येकांना शाश्वती नव्हती. संघातील काही जण, विशेषतः आघाडीचा खेळाडू कार्लोस कासेली आणि विंगर लिओनार्दो वेलिस, डाव्या विचारांचे म्हणून ओळखले जात. दरम्यान सोव्हिएत सरकारने चिलीशी राजनैतिक संबंध तोडले होते. मॉस्कोच्या विमानतळावर कासेली आणि बचावपटू एलियास फिगेरोआ यांना पारपत्रावरील छायाचित्राशी चेहरा जुळत नाही, या सबबीवर अडवून ठेवण्यात आले. अशा वातावरणात २६ सप्टेंबर रोजी सामना झाला. कडाक्याच्या थंडीत फिगेरोआ आणि अल्बर्तो किंतानो यांनी भिंतीसारखा बचाव केला आणि सामना ०-० असा सुटला. चिलीच्या दृष्टीने हा मोठाच पराक्रम होता. आता घरच्या मैदानावर एक विजय पुरेसा होता.

सोव्हिएत फुटबॉल संघटनेने फिफाकडे मागणी केली, की दुसरा सामना सान्तियागोत न घेता एखाद्या तटस्थ देशात घ्यावा. ज्या स्टेडियमचा छळछावणी म्हणून वापर होत आहे तेथे आमचे खेळाडू खेळणार नाहीत.

गवताची पाहणी

फिफाचे अध्यक्ष त्या वेळी सर स्टॅन्ली राउस होते. एकेकाळचे शाळामास्तर, नामांकित पंच, फुटबॉलचे नियम सुबोध भाषेत नव्याने लिहून काढणारे विद्वान आणि वैयक्तिक जीवनात सचोटीचे गृहस्थ. खेळ आणि राजकारण यांची फारकत असली पाहिजे, यावर त्यांची निष्ठा होती. त्यांनी चिलीला दोन सदस्यांचे पथक धाडले : फिफाचे ब्राझीलियन उपाध्यक्ष आबिलिओ द आल्मेडा आणि स्विस सरचिटणीस हेल्मुट केझर. २४ ऑक्टोबर रोजी ते स्टेडियममध्ये आले.

त्या दिवशी बंदिवान तेथेच होते. पुढे सुटलेल्या अनेकांनी सांगितले आहे, की त्यांना आत, खालच्या कक्षांत ढकलण्यात आले आणि बंदुकीच्या धाकाने चूप ठेवण्यात आले. कोवळ्या वयात तेथे बंदिवास भोगलेला कवी होर्हे मोन्तेआलेग्रे याने पुढे त्या दिवसांच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. पाहुण्यांचे लक्ष गवताकडेच होते, ही वेदना अशा साऱ्या साक्षींमधून पुनःपुन्हा उमटते.

पथकाचा अहवाल वाचला म्हणजे मन सुन्न होते. शहरातील व्यवहार सुरळीत आहेत. स्टेडियमच्या आवारात माळी बागेची निगा राखत आहेत. मैदानावरील गवत उत्तम स्थितीत आहे. आत जे लोक आहेत ते कैदी नसून त्यांची ओळख पटवण्याचे काम चालू आहे. काही दिवसांत मैदान मोकळे होईल, अशा आशयाचा तो मजकूर आहे. लक्षात घ्या, पथकाने लोक आत असल्याचे नाकारलेले नाही. त्यांनी ते नमूद केले, त्याला एक सौम्य नाव दिले आणि पान उलटले. पिलाताने हात धुण्यासाठी निदान पाणी तरी मागवले होते.

सामना ठरल्याप्रमाणे सान्तियागोतच होईल, असा निर्णय झाला. देशांतर्गत दुसऱ्या शहरात सामना हलवण्याची सूचनाही पुढे आली होती. पण लष्करी राजवटीला सामना याच स्टेडियमवर हवा होता. जगाला दाखवायला याहून चांगला रंगमंच कोणता? नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंदिवानांना तेथून हलवण्यात आले. त्यांतील शेकडो जणांची रवानगी उत्तरेकडील आताकामाच्या वाळवंटात, चाकाबुको नावाच्या ओसाड पडलेल्या जुन्या खाणवस्तीत झाली. भिंती धुऊन काढण्यात आल्या. सोव्हिएत संघाने येण्यास नकार दिला आणि स्पर्धेतील आपली जागा गमावली.

मग २१ नोव्हेंबरचा तो देखावा झाला. गॅलरीत १५ ते १८ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. विस्तीर्ण स्टेडियममध्ये ते विरळच दिसत होते. शस्त्रधारी सैनिक पहाऱ्यावर होते. रिकाम्या गोलात चेंडू गेल्यावर तिकीट काढून आलेल्या लोकांना काहीतरी खेळ दिसावा म्हणून ब्राझीलच्या सांतोस क्लबबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठेवला होता. पेले त्यात खेळला नाही. तरीही सांतोसने चिलीला ५-० असे हरवले. खरा प्रतिस्पर्धी समोर येताच त्या दिवसाचा खरा निकाल लागला, असे म्हणावेसे वाटते.

नकार देणाऱ्यांचे हात

येथवर वाचून सोव्हिएत संघाला न्यायाचा कैवारी ठरवण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पाचच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले होते. त्यांच्या स्वतःच्या देशातील श्रमछावण्यांच्या कहाण्या तोवर जगाला माहीत झाल्या होत्या. मॉस्कोत बरोबरी झाल्यामुळे सान्तियागोत हार पत्करावी लागेल, या भीतीने त्यांनी तत्त्वाचा आडोसा घेतला, असेही अनेकांनी म्हटले आहे.

त्यांचा पूर्वेतिहासही बोलका आहे. १९६० साली पहिल्या युरोपीय राष्ट्रचषक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाची गाठ स्पेनशी होती. हुकूमशहा जनरल फ्रँको यांनी आपल्या संघाला मॉस्कोला जाऊ दिले नाही. तटस्थ ठिकाणी खेळण्याचा पर्याय निघाला तो सोव्हिएत बाजूला मानवला नाही. न खेळताच पुढची फेरी गाठलेल्या सोव्हिएत संघाने १० जुलै १९६० रोजी पॅरिसमध्ये युगोस्लाव्हियाला हरवून तो चषक जिंकला. १९६० मध्ये ज्यांना तटस्थ मैदान नको होते, त्यांनीच १९७३ मध्ये ते मागितले.

म्हणून मागणी अन्याय्य ठरते काय? मागणारा कोण आहे, हा एक प्रश्न. मागणी खरी आहे काय, हा दुसरा. सान्तियागोच्या स्टेडियममध्ये माणसांचा छळ झाला, हे विधान मॉस्कोने केले म्हणून खोटे होत नाही आणि प्रागमध्ये रणगाडे गेले होते म्हणून पुसले जात नाही. फिफासमोरचा प्रश्न सोव्हिएत राजवटीच्या चारित्र्याचा नव्हता. मैदानावर खेळ होऊ शकतो काय, एवढाच होता. त्याच पात्रता फेरीत केवळ गुणांची बरोबरी सोडवण्यासाठी चिली व पेरू यांना तटस्थ माँतेव्हिदेओला पाठवता आले होते. जी सोय गुणांसाठी होऊ शकत होती, ती माणसांसाठी झाली नाही.

फिफाची ही पद्धत नवीन नव्हती. १९५८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इस्राएलविरुद्ध खेळण्यास एकामागून एक देशांनी नकार दिला. इंडोनेशियाने तटस्थ मैदान मागितले, ते फिफाने नाकारले आणि इंडोनेशिया बाहेर पडला. शेवटी एकही सामना न खेळता इस्राएल अंतिम स्पर्धेत पोचू नये म्हणून दुसऱ्या स्थानावरील संघांतून वेल्सची निवड करून त्याच्याशी सामने घ्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तर राउस यांनी स्वतः १९६३ मध्ये त्या देशाला भेट दिली आणि वर्णभेदी फुटबॉल संघटनेवरील बंदी उठवण्यात आली. आशिया व आफ्रिकेतील सदस्यांच्या मताधिक्याने पुढच्याच वर्षी ती पुन्हा लादावी लागली. 'राजकारण नको' म्हणणारे प्रत्येक वेळी जे चालू आहे ते चालू राहू द्यावे, या बाजूला जाऊन बसले. जे चालू होते, तेच मुळी राजकारण होते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

खेळाडूंची परीक्षा

अधिकाऱ्यांच्या या निर्णयांचे ओझे वाहिले ते खेळाडूंनी. रिकाम्या गोलाकडे धावणाऱ्या अकरा जणांत कार्लोस कासेलीही होता. त्या क्षणी नकार द्यायचा तर काय किंमत पडेल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. घरी बसून त्यांना दोष देणे सोपे आहे. कासेलीने पुढे अनेक मुलाखतींतून त्या दिवसाची लाज बोलून दाखवली. १९७४ मध्ये जर्मनीला निघण्यापूर्वी संघाचा निरोप समारंभ झाला. जनरल पिनोशे रांगेतून हस्तांदोलन करीत आले तेव्हा कासेलीने आपले हात पाठीमागे बांधून ठेवले. त्याने घोषणा दिली नाही, भाषण केले नाही. हात पुढे केला नाही, एवढेच.

१४ जून १९७४ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळताना त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. विश्वचषकात लाल कार्ड दाखवला गेलेला तो पहिला खेळाडू. चिली तो सामना ०-१ असा हरला, उरलेले दोन बरोबरीत सोडवून पहिल्याच फेरीत परतला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात निदर्शक चिलीचा ध्वज घेऊन मैदानात धावून आले होते. सान्तियागोत दडपलेला आवाज बर्लिनच्या गवतावर उमटला.

कासेलीच्या आईला, ओल्गा गार्रिदो यांना, या राजवटीत अटक झाली होती आणि त्यांचा छळ करण्यात आला होता. ही गोष्ट कुटुंबाने वर्षानुवर्षे उरात ठेवली. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशे यांनी सत्तेवर राहावे की नाही, यावर सार्वमत होते. 'नाही' म्हणणाऱ्या पक्षाच्या दूरचित्रवाणीवरील प्रचारात एक वयस्क स्त्री पडद्यावर आली आणि तिने शांतपणे आपली हकिकत सांगितली. नंतर चित्र सरकले आणि तिच्या शेजारी देशाचा लाडका फुटबॉलपटू दिसला. ही माझी आई, असे त्याने सांगितले. सार्वमतात 'नाही'ला सुमारे ५५ टक्के मते पडली.

त्यानंतरची मैदाने

११ जून १९७४ रोजी फ्रँकफर्टला झालेल्या अधिवेशनात राउस यांचा ब्राझीलच्या जोआओ हॅवेलांज यांनी पराभव केला. आफ्रिका, आशिया आणि समाजवादी गटातील देशांचा रोष राउस यांना भोवला; चिली प्रकरण त्या रोषाचा एक भाग होता. राजकारणापासून दूर राहू पाहणाऱ्या गृहस्थाची सत्ता राजकारणानेच गेली. नंतर आलेल्यांनी फुटबॉल अधिक स्वच्छ केला असे मात्र नाही. १९७८ चा विश्वचषक अर्जेंटिनात लष्करी राजवटीच्या छत्राखालीच झाला.

त्याच काळात भारतापुढेही असा प्रसंग आला होता. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर होता वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. अमृतराज बंधूंच्या हातून आयुष्यातील मोठी संधी गेली. भारत सरकारचा तो हस्तक्षेप उघड राजकीय होता. तरी आज त्याबद्दल कोणी खाली मान घालत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा पोलंडला मार्च महिन्यात मॉस्कोत विश्वचषकाचा पात्रता सामना खेळायचा होता. रशियाने ध्वज व राष्ट्रगीताविना तटस्थ ठिकाणी खेळावे, असा तोडगा फिफाने प्रथम काढला. पोलंड, स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनी तोही नाकारला. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, रशियाला निलंबित करण्यात आले आणि पोलंड पुढे गेला. १९७३ मध्ये नकार देणारा बाद झाला होता, २०२२ मध्ये ज्याच्याशी खेळण्यास नकार दिला तो बाद झाला. नियमांची पुस्तके फारशी बदललेली नव्हती. या वेळी नकार देणारे एकटे नव्हते, हा खरा फरक होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाही निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती महासंघाचा कारभार पाहत होती, हा 'तिसऱ्या पक्षाचा अवाजवी प्रभाव' ठरला. गोव्यात मडगाव येथे, नवी मुंबईत आणि भुवनेश्वरला ऑक्टोबरमध्ये होणारी १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा धोक्यात आली. समिती बरखास्त होताच काही दिवसांत निलंबन उठले आणि स्पर्धा पार पडली. संघटनांचा कारभार स्वायत्त असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण तराजूची दुसरी बाजू पाहावी. एका न्यायालयाने कार्यालयात माणसे नेमली तर तो हस्तक्षेप. आणि एका सैन्याने स्टेडियममध्ये माणसे कोंडली, तो १९७३ च्या अहवालात केवळ जागा रिकामी होण्याच्या दिवसांचा प्रश्न ठरला होता.

खिलाडूवृत्तीचा अर्थ

२ एप्रिल १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच स्टेडियममध्ये चिलीच्या तरुणाईला संबोधित केले. ही जागा खेळांची आहे, तशीच ती गतकाळातील वेदनेची आणि दुःखाचीही आहे, हे त्यांनी त्या हजारोंच्या समुदायासमोर मोकळेपणी सांगितले. राजवट तेव्हाही पिनोशे यांचीच होती. १४ वर्षांपूर्वी फिफाच्या पथकाला जे शब्द सापडले नव्हते, ते तेथेच उच्चारले गेले. मार्च १९९० मध्ये लोकशाही परतल्यावर नवे अध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन यांनी राष्ट्राशी संवाद साधला तोही याच मैदानातून. २००३ साली स्टेडियमला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे नूतनीकरण झाले, नव्या खुर्च्या आल्या. पण आठव्या प्रवेशद्वारापाशी जुन्या लाकडी बाकांचा एक भाग तसाच राखला आहे. सामन्याच्या वेळी तेथे कोणाला बसू देत नाहीत. भरगच्च गर्दीत तेवढी जागा रिकामी दिसते.

खिलाडूवृत्ती म्हणजे पंचांचा निर्णय मानणे, प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवणे, हार हसतमुखाने स्वीकारणे, असे आपण मुलांना शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु या सद्गुणांना एक पाया लागतो : मैदानावर उतरणारा आणि मैदानाभोवती असणारा प्रत्येक जण माणूस आहे, हे आधी मान्य व्हावे लागते. तो पाया नसेल तर नियमांचे पालन हे केवळ गवताची पाहणी होऊन बसते. सान्तियागोत सारे नियमानुसार झाले होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अधिकृत पंचांच्या शिटीवर सामना सुरू झाला. फक्त त्यात खेळ नव्हता.

खेळाला राजकारणापासून वाचवावे, हे ध्येय आजही सोडण्याजोगे नाही. सत्ताधाऱ्यांनी संघ निवडावा, पंच फोडावेत, विजयाचे श्रेय लाटावे, हे कोणालाच नको आहे. मात्र ते वाचवायचे तर डोळे मिटून चालत नाही. एका कार्डिनलने त्या पायऱ्यांखाली पाहिले, एका खेळाडूने हात पाठीमागे ठेवला, एका आईने पंधरा वर्षांनी तोंड उघडले. या तिघांनी चेंडूला स्पर्शही न करता खेळाची अब्रू राखली.